सुळा

सोमवार ते शुक्रवार मी कवळ्या करते,
विबोर्ग गावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर,
निवृत्त पोस्टमनांसाठी, पाद्र्यांच्या विधवांसाठी,
सफरचंद पुन्हा चावता यावं एवढ्यासाठी.
उरलेल्या ॲक्रिलिकमधून रात्री
ओर्कांचे सुळे.
हत्तीचे दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे;
माझ्याकडे दोन्ही एकाच भांड्यात शिजतात.

माप घेताना गार लगदा
तीन मिनिटं तोंडात धरून बसायचं.
सुतार, नर्स, करखात्यातला कारकून,
सगळे लाळ गाळत माझ्या स्वयंपाकघराचं छत बघतात
आणि तिथूनच थोडे थोडे ओर्क व्हायला लागतात.

शनिवारी पहाटे जंगलाच्या वाहनतळावर
गाडीच्या आरशात हिरवा चढतो.
आधी लेटेक्सचं नाक, त्याला अमोनियाचा वास,
कडेला टिश्यूचा चिटोरा, म्हणजे सांधा दिसत नाही.
रंग स्पंजाने थापायचा. ओढायचा नाही.
गालाच्या खळगीत तपकिरी, डोळ्यांखाली जांभळा,
शेवटी पावडर, नाहीतर दुपारपर्यंत
मी घामाबरोबर गळ्यात उतरते.
टोळीतल्या पोरांना सुरकुत्या रंगवाव्या लागतात.
मला अठ्ठावन्नाव्या वर्षी फुकट.

मी ग्राश्का, टोळीची म्हातारी.
काम एवढंच: शेकोटीपाशी बसून शिव्या घालणं
आणि मेलेले मोजणं.
सुळे लावले की आम्हा सगळ्यांच्या स चा श होतो,
त्यामुळे टोळीत कुणी कुणाला हसत नाही.

एनेवोल्ड पलीकडे असतो, एल्फांत.
माझा धाकटा भाऊ.
आईचं घर विकलं तेव्हापासून
त्याचा माझ्यावर दात आहे. माझाही त्याच्यावर.
नाताळात आम्ही तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो,
तो तेविसाला, मी चोविसाला.
पण जंगलात तो राजदूत
आणि राजदूताला म्हातारीशी बोलावंच लागतं.

या जूनमध्ये चकमकीत
कुणाची तरी फोमची गदा माझ्या हनुवटीला लागली,
उजवा सुळा उडाला.
‘थांबा!’
मेलेले उठून बसले.
चाळीस माणसं, ओर्क, एल्फ, एक बिशप,
स्प्रूसखालच्या शेवाळात गुडघ्यांवर,
दात शोधत.
बिशपने खिशातून वाचायचा चष्मा काढला.

सापडला एनेवोल्डला.
त्याने तो बाटलीतल्या पाण्याने धुतला, तळहातावर धरला.
शिट्टी अजून झाली नव्हती,
म्हणजे आम्ही तेवढ्यापुरते कुणीच नव्हतो,
दोन रंगवलेली माणसं.
त्याचा एक टोकदार कान सुटून लोंबत होता,
खाली बाबांचा कान.
तसाच बाहेर आलेला. त्याला कसलं टोक हवं होतं?

शिट्टी.
‘म्हातारे,’ राजदूत म्हणाला, ‘याचं मोल काय देशील?’
मी उरलेल्या सुळ्यातून म्हणाले,
‘दात परत करणाऱ्याशी आमची टोळी
शात हिवाळे भांडत नाही.’
‘सात?’
‘शात.’
त्याने बोटं मोजली.
‘नऊ तर झाले,’ म्हणाला.
कुठल्या आवाजात, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी बेबी ऑइल, कापूस, पुन्हा कापूस.
तंबूची पिशवी खांद्यावर घेऊन तो गाडीजवळून गेला,
मान हलवली, किंवा पिशवी जड होती.
पेट्रोल पंपावरच्या मुलीने
माझ्या हिरव्या मानेकडे पाहून विचारलं,
‘पावती हवी?’

सोमवारी पोस्टमन ब्योरिंग नवी कवळी लावून बघायला आले.
माझ्या कानामागे काही आहे म्हणाले,
शेवाळ का?
‘रंग,’ मी म्हणाले. ‘आता सात म्हणा.’
‘शात.’
‘पुन्हा.’
‘शात.’
मी कवळी काढून दिव्यापाशी नेली.
थोडंसं घासावं लागेल.